कार्डावरची रोकड

क्रेडिट कार्ड एटीएममध्ये घालून नोटा काढता येतात, हे बहुतेक कार्डधारकांना ठाऊक असते. मात्र त्याच कार्डाने किराणा भरणे आणि त्याच कार्डाने नोटा काढणे हे बँकेच्या खातेवहीत दोन निरनिराळे व्यवहार असतात आणि दुसऱ्याचा खर्च पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो, हे पुष्कळांना बिल हाती आल्यावरच कळते. कार्डाच्या मर्यादेतून रोख रक्कम काढण्याच्या या व्यवहाराला बँका ‘कॅश अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. पुढील विवेचनात त्यालाच रोख उचल म्हटले आहे. कार्डाची एकूण मर्यादा एक लाख रुपये असली तरी तेवढी सगळी रक्कम रोखीने मिळत नाही. रोख उचलीसाठी वेगळी उपमर्यादा असते, ती साधारणतः एकूण मर्यादेच्या २० ते ४० टक्के ठेवलेली असते आणि दर महिन्याच्या बिलावर ती छापलेली असते. प्रश्न असा की, जिला हात लावताच शुल्क, व्याज आणि कर असा तिहेरी खर्च सुरू होतो, ती रोकड कमी खर्चात मिळवता येते का. याचे उत्तर समाधानकारक आहे, परंतु ते एटीएमच्या रांगेत सापडत नाही.

हा खर्च इतका का असतो, हे समजण्यासाठी साध्या खरेदीत पैसा कसा फिरतो ते पाहावे लागते. ग्राहक दुकानात कार्डाने हजार रुपयांची खरेदी करतो, तेव्हा दुकानदाराच्या खात्यात हजार रुपये जमा होत नाहीत. त्यातून सर्वसाधारणपणे दीड ते दोन टक्के कापले जातात. या कपातीला एमडीआर, म्हणजे व्यापाऱ्याने सोसायचा सवलत दर, असे म्हणतात आणि तिचा मोठा हिस्सा ‘इंटरचेंज’ या नावाने कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. ग्राहकाला महिना-दीड महिना बिनव्याजी मिळणारी उधारी आणि तिच्या जोडीला येणारे रिवॉर्ड पॉइंट यांचा खर्च बऱ्याच अंशी या कपातीतून भागतो, म्हणजे तो दुकानदार उचलतो आणि अंतिमतः वस्तूंच्या किमतीतून सगळेच ग्राहक उचलतात. एटीएममध्ये दुकानदार नसतो. तिथे पैशाचा ओघ उलटा होतो: यंत्र दुसऱ्या बँकेचे असल्यास कार्ड देणाऱ्या बँकेलाच त्या बँकेला मोबदला द्यावा लागतो, जो देशातील सामायिक एटीएम जाळ्यात १ मे २०२५ पासून प्रत्येक रोख व्यवहारामागे १९ रुपये आहे. अर्थात १९ रुपयांच्या खर्चापोटी बँका ग्राहकाकडून किमान ५०० रुपये घेतात, तेव्हा त्या शुल्काचे समर्थन यंत्राच्या भाड्याने होऊ शकत नाही.

खरे कारण जोखमीचे आहे. कार्डावरचे कर्ज विनातारण असते. त्यामागे घर, सोने, ठेव असे काहीही गहाण नसते. त्यातही बँकांचा अनुभव असा की, ज्याच्यासमोर दुसरे सगळे मार्ग बंद झाले आहेत असा ग्राहक सहसा रोख उचलीकडे वळतो, आणि म्हणून बँकेचा हिशेब रोख उचलीला ग्राहकाच्या अडचणीची खूण समजतो. रिझर्व्ह बँकेने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरचा जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. जोखीमभार म्हणजे दिलेल्या कर्जाच्या प्रमाणात बँकेने स्वतःचे किती भांडवल बाजूला ठेवावे हे ठरवणारा गुणक. तो वाढला की तेच कर्ज देणे बँकेला अधिक महाग पडते. जोखीम खरी आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणावे लागते की, तिची किंमत वसूल करताना बँका अडलेल्या माणसाच्या घाईचाही लाभ घेतात.

आता प्रत्यक्ष हिशेब. भारतातील बहुतेक मोठ्या बँकांच्या कार्डांवर रोख उचलीचे शुल्क रकमेच्या २.५ टक्के आणि किमान ५०० रुपये असे असते. व्याज दरमहा सुमारे ३.५ ते ३.७५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ ते ४५ टक्के असते, आणि ते बिलाच्या तारखेपासून किंवा पैसे भरण्याच्या अंतिम तारखेपासून न लागता नोटा हातात पडल्या त्या दिवसापासून लागते. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख उचलीला नसते. तिसरा थर वस्तू व सेवा कराचा, म्हणजे जीएसटीचा आहे. सर्वसाधारण कर्जावरचे व्याज या करातून मुक्त आहे, परंतु क्रेडिट कार्ड सेवेतील व्याजाला ही सवलत मुद्दाम नाकारलेली आहे. त्यामुळे शुल्क आणि व्याज या दोन्हींवर १८ टक्के कर लागतो आणि वार्षिक ४२ टक्के दिसणारा दर ग्राहकाच्या खिशातून जाताना ४९.५६ टक्के होतो.

समजा, एखाद्या कार्डधारकाने २०,००० रुपये काढले आणि ३५ दिवसांनी फेडले. शुल्क ५०० रुपये आणि त्यावरील कर ९० रुपये. ४२ टक्के दराने ३५ दिवसांचे व्याज सुमारे ८०५ रुपये आणि त्यावरील कर सुमारे १४५ रुपये. म्हणजे २०,००० रुपये पस्तीस दिवस वापरण्याचा खर्च १,५४० रुपये झाला. मुद्दलाच्या ७.७ टक्के ही रक्कम पाहता फारशी भयंकर वाटत नाही, पण वर्षाच्या मापाने मोजली तर हा दर ८० टक्क्यांच्या घरात जातो. रक्कम लहान असेल तर गणित याहून बिघडते, कारण किमान शुल्काची अट लहान रकमेलाच जाचक ठरते: २,००० रुपये काढणाऱ्याला व्याजाचा पहिला रुपया लागण्यापूर्वीच कर धरून ५९० रुपये, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, मोजावे लागतात. अडीच टक्के आणि ५०० रुपये यांची बरोबरी नेमकी २०,००० रुपयांवर होते. त्याखालची प्रत्येक उचल प्रमाणाने महाग असते.

यातही एक खाच आहे, जिच्याकडे क्वचितच लक्ष जाते. अनेक एटीएम यंत्रे एका वेळी १०,००० रुपयांहून अधिक नोटा देत नाहीत. २०,००० हवे असलेला माणूस मग कार्ड दोनदा घालतो आणि बँकेच्या लेखी ते दोन स्वतंत्र व्यवहार होतात; प्रत्येकावर किमान ५०० रुपये लागू होऊन, कर धरता, शुल्क ५९० ऐवजी १,१८० रुपये होते. यंत्राच्या नोटा मोजण्याच्या मर्यादेची किंमत अशा रीतीने ग्राहकाच्या बिलात उतरते.

एवढा व्याजदर कायद्याला कसा चालतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला विशेषच पडावा, कारण सावकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या या राज्याच्या २०१४ च्या कायद्याखाली परवानाधारक सावकाराने आकारायच्या व्याजाचे कमाल दर शासनाने ठरवून दिले आणि शेतकरी नसलेल्या कर्जदाराला दिलेल्या विनातारण कर्जासाठीही तो दर वार्षिक १८ टक्के इतकाच ठेवला. बँका या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली असतात आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम २१-अ नुसार बँकेने लावलेले व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला तो व्यवहार पुन्हा उघडता येत नाही. जुलै २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने क्रेडिट कार्डावर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला आधी स्थगिती दिली आणि २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दच केला. व्याजदर ठरवण्याचे धोरण रिझर्व्ह बँकेच्या अधिकारातले आहे, आयोगाच्या नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. रिझर्व्ह बँकेने आपल्या २०२२ च्या निर्देशांत बँकांना वार्षिक दर स्पष्ट दाखवण्याचे बंधन घातले आणि दर अवाजवी नसावेत असेही बजावले, परंतु आकड्यातली कमाल मर्यादा घातली नाही. तात्पर्य, परवानाधारक सावकाराला १८ टक्क्यांवर थांबवणाऱ्या राज्यात कार्डावर ४५ टक्के व्याज पूर्णपणे कायदेशीर आहे आणि ग्राहकाने कायद्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

शुल्क टाळण्याची पहिली कल्पना सुचते ती आडवाटेची. एटीएममध्ये न जाता कार्डातून मोबाइल वॉलेट भरावे आणि तिथून पैसे बचत खात्यात वळवावेत, किंवा घरभाडे भरल्याचे दाखवून नातेवाइकाच्या खात्यात रक्कम पाठवावी, असे मार्ग काही काळ सर्रास वापरले गेले. ते आता बरेच अरुंद झाले आहेत, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी व्यवसाय-संकेतांक दिलेला असतो, त्याला एमसीसी म्हणतात. एटीएममधून काढलेल्या रोखीचा संकेतांक ६०११, बँकेच्या खिडकीवर काढलेल्या रोखीचा ६०१०, रोखीसारख्या मूल्याच्या खरेदीचा ६०५१, घरभाड्याचा ६५१३ आणि जुगार-सट्ट्याचा ७९९५. कार्ड देणारी बँक दुकानाचे नाव पाहत नाही, ती हा संकेतांक पाहते आणि त्यावरून व्यवहार खरेदी आहे की वेष पालटलेली रोख उचल आहे हे ठरवते. वॉलेट भरणे आणि भाडे यांवर अनेक बँकांनी एक टक्का किंवा त्याहून अधिक शुल्क बसवले व रिवॉर्ड पॉइंट बंद केले. वॉलेटमधून खात्यात पैसे नेताना वॉलेट कंपनी आणखी वेगळा आकार घेते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंट अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थ कंपन्या, यांच्यासाठी नवे निर्देश काढले आणि ज्या व्यापाऱ्याशी रीतसर करार व पडताळणी झाली आहे त्याच्यासाठीच पैसे गोळा करता येतील असे बंधन आले. परिणामी घरमालकाला कार्डाने भाडे पाठवण्याची सोय अनेक अ‍ॅपनी काढून टाकली. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डावरही हाच दंडक आहे: दुकानदाराच्या क्यूआर संकेतावर पैसे देता येतात, व्यक्तीच्या खात्यावर पाठवता येत नाहीत.

याहून जुनी आणि अधिक धोकादायक वाट म्हणजे ‘कार्ड घासून कॅश’. ओळखीचा दुकानदार यंत्रावर कार्ड चालवतो, काहीही न विकता विक्री झाल्याचे दाखवतो आणि स्वतःचे दोन-तीन टक्के कापून उरलेल्या नोटा हातावर ठेवतो. वरवर पाहता एटीएमच्या खर्चाहून हे स्वस्त दिसते, कारण बँकेच्या दृष्टीने ती खरेदी असल्याने बिनव्याजी मुदतही मिळते. पण हा व्यवहार खोट्या विक्रीवर उभा असतो. दुकानदार आणि त्याची बँक यांच्यातील कराराचा त्यात भंग होतो, खोटे बिल केल्यास कराचा प्रश्न उद्भवतो, आणि एकाच यंत्रावर पुनःपुन्हा होणाऱ्या मोठ्या, गोल आकड्यांच्या रकमा बँकेच्या संगणकाला सहज दिसतात. मग कार्ड गोठवले जाते, मर्यादा उतरवली जाते आणि सगळी थकबाकी एकदम मागितली जाऊ शकते. कार्डाची माहिती अशा माणसाच्या हाती पडण्याचा धोका वेगळाच. एका कार्डाचे बिल दुसऱ्या कार्डाने, दुसऱ्याचे तिसऱ्याने भरण्याचे ‘रोटेशन’ करून देणारे दलालही याच वर्तुळात वावरतात; त्यांच्या प्रत्येक फेऱ्यात दोन-तीन टक्क्यांची भर मुद्दलात पडत राहते. हा मार्ग कोणत्याही अडचणीत स्वीकारण्याजोगा नाही. दुकानातून रोख मिळण्याची एक वैध सोय रिझर्व्ह बँकेने जुलै २००९ मध्ये सुरू केली, जिच्याखाली दुकानातील यंत्रावर मोठ्या शहरांत दिवसाला १,००० आणि लहान गावांत २,००० रुपयांपर्यंत रोख घेता येते. परंतु ती डेबिट कार्डासाठी आहे, क्रेडिट कार्ड तिच्यातून वगळलेले आहे.

खरा उपाय कार्डातून रोकड बाहेर ओढण्यात नसून, घरातली रोकड खर्च न होऊ देण्यात आहे. गरज रोखीची असली तरी त्याच महिन्यातले अनेक खर्च रोखीचे नसतात, किंवा नसले तरी चालते. गावाकडच्या घराच्या डागडुजीसाठी गवंड्याला आणि मजुरांना २५,००० रुपये रोखच द्यायचे आहेत असे धरले, तर त्या कुटुंबाने किराणा, औषधे, पेट्रोल, वीजबिल, विम्याचा हप्ता, शिकवणीची फी हे खर्च कार्डावर टाकावेत आणि पगारातून त्यांच्यासाठी राखलेली रक्कम बचत खात्यातून डेबिट कार्डाने काढून गवंड्याला द्यावी. रोख मिळाली, रोख उचल झाली नाही, शुल्क लागले नाही आणि दुकानदाराने सोसलेल्या कपातीच्या जोरावर कुटुंबाला बिनव्याजी मुदतही मिळाली. नात्यातल्या कोणाला शीतकपाट किंवा मोबाइल घ्यायचाच असेल, तर ती खरी खरेदी आपल्या कार्डावर करून त्यांच्याकडून पैसे घेणे हाही याचाच एक प्रकार आहे. मात्र तो विश्वासातल्या माणसांपुरता आणि क्वचित करण्याचा आहे. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी दहा लाख किंवा अधिक रुपये भरले गेले, अथवा एक लाख किंवा अधिक रुपये रोखीने भरले गेले, तर बँक ती माहिती प्राप्तिकर विभागाला कळवते. इतरांच्या खरेदीने आपला आकडा फुगवला तर त्याचे स्पष्टीकरण आपल्यालाच द्यावे लागते.

या पद्धतीचे यश तारखांवर अवलंबून आहे. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघते आणि २५ तारखेपर्यंत भरायचे असते असे समजा. ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि तिचे पैसे २५ जुलैपर्यंत, म्हणजे ४९ दिवसांनी, द्यावे लागतात. तीच खरेदी ४ जूनला केली असती तर ती ५ जूनच्या बिलात जाऊन २५ जूनलाच, २१ दिवसांत, भरावी लागली असती. म्हणजे रोखीची निकड आधी कळली असेल, तर मोठे खर्च बिलाच्या तारखेनंतर लगेच करावेत. दुसरी अट अधिक कडक आहे: मागील बिल पूर्ण भरलेले असले पाहिजे. केवळ ‘किमान देय’ रक्कम भरणाऱ्याची बिनव्याजी मुदत संपुष्टात येते आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागू लागते. तिसरे म्हणजे काही खर्च कार्डावर टाकताना वरचा आकार लागतो, पेट्रोलवर साधारण एक टक्का अधिभार असतो जो अनेक कार्डे परत करतात, शाळेची फी मध्यस्थ अ‍ॅपमधून भरल्यास काही बँका एक टक्का घेतात. असे खर्च शेवटी निवडावेत. आणि हेही उघड आहे की या युक्तीने उत्पन्न वाढत नाही, केवळ सात आठवड्यांची सवड मिळते. ज्या कुटुंबाला पुढच्या महिन्यात दोन महिन्यांचे बिल पेलणार नाही, त्याला सवड नको, कर्ज हवे असते.

कर्जच हवे असेल तर ते ज्या नावाने स्वस्त मिळते त्या नावाने घ्यावे. कार्डधारकाच्या अगदी हाताशी असते ते ‘कार्डावरील कर्ज’, जे बँका निरनिराळ्या नावांनी विकतात: रक्कम थेट बचत खात्यात जमा होते आणि मासिक हप्त्यांत फेडायची असते. त्याचा दर रोख उचलीपेक्षा बराच कमी असतो, पण त्यात पाहण्याच्या गोष्टी दोन. पहिली, प्रक्रिया शुल्क आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क. दुसरी, दर सपाट आहे की घटत्या शिलकीवर. सपाट दरात व्याज पूर्ण मुदत मूळ रकमेवरच मोजले जाते, जरी हप्त्यागणिक मुद्दल कमी होत असले तरी. २०,००० रुपये बारा हप्त्यांत घटत्या शिलकीवर १८ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे १,८३४ रुपये बसतो आणि वर्षाचे व्याज २,००३ रुपये होते. हेच कर्ज सपाट १० टक्के म्हणून विकले तर व्याज २,००० रुपये होते. फोनवरून बोलणारा विक्रेता ‘फक्त दहा टक्के’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो, तरी ऐकणाऱ्याने १८ ऐकावे. हे कर्ज कार्डाच्या बिलातून वसूल होत असल्याने त्याच्या व्याजावरही १८ टक्के कर लागतो, तो वेगळा.

मुदत ठेव असलेल्या माणसाने कार्डातून रोख काढावी, याला तर कोणतेच समर्थन नाही. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत, ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के अधिक व्याजाने बँक त्याच दिवशी उचल देते. ठेव मोडावी लागत नाही आणि तिच्यावरचे व्याजही चालू राहते. साडेआठ टक्के दराने २०,००० रुपयांचे ३५ दिवसांचे व्याज १६३ रुपये होते, आणि ठेवीवर त्याच काळात ७ टक्क्यांनी १३४ रुपये मिळत असतील तर खरा भार २९ रुपयांचा. कार्डावरच्या १,५४० रुपयांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा. सोनेतारण कर्जाला दर अधिक असतो, तरी १२ टक्क्यांनी तेवढ्याच दिवसांचे व्याज २३० रुपयेच होते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. महाराष्ट्रात आणखी एक आधार आहे, ज्याचा अशा वेळी विसर पडतो: पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्था. कारखाने, शाळा, महापालिका, एसटी, सरकारी कार्यालये अशा ठिकाणच्या या संस्था सभासदांना ‘आकस्मिक कर्ज’ देतात, त्याचे हप्ते पगारातून कापले जातात आणि कागदपत्रांचा फारसा ताण नसतो. कार्डाची सवय लागलेल्या तरुण नोकरदारांना ही संस्था जुनाट वाटते; व्याजाचा हिशेब मात्र तिच्या बाजूने आहे. मोबाइलवरच्या तत्काळ कर्जाच्या अ‍ॅपविषयी एवढेच की, कर्ज देणारी नियंत्रित संस्था कोणती आणि तिच्या मुख्य तथ्य पत्रकात वार्षिक दर किती, हे वाचल्याशिवाय कोणतीही परवानगी देऊ नये.

इतके करूनही कधी रात्री-बेरात्री रुग्णालयात अनामत रोखीनेच मागितली जाते आणि कार्डाशिवाय इलाज उरत नाही. रुग्णालय कार्ड घेत असेल तर अर्थातच थेट कार्डच द्यावे, कारण ती खरेदी ठरते. काढावीच लागली तर पुरेशी रक्कम एकदाच काढावी, म्हणजे किमान शुल्क पुनःपुन्हा बसणार नाही, आणि बिलाची वाट न पाहता पहिल्या शक्य दिवशी परत भरावी. पाच दिवसांत २०,००० फेडले तर व्याज व त्यावरील कर १३६ रुपयांवर थांबतो. शुल्काचे ५९० मात्र टळत नाहीत. मागील बिल थकलेले असेल तर भरलेली रक्कम आधी त्या थकबाकीकडे, शुल्काकडे आणि करांकडे वळते, रोख उचलीचे मुद्दल मागेच राहते आणि त्यावर व्याज चढत जाते. वळतीचा हा क्रम प्रत्येक बँकेच्या नियमपत्रकात दिलेला असतो. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने किमान देय रकमेहून अधिक भरलेला पैसा सर्वाधिक दराच्या शिलकीकडे वळवण्याची सक्ती केली, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांना या बाबतीत संरक्षण आहे. शिवाय तिथे डिस्कव्हर कार्डावर दुकानात खरेदीसोबत रोख घेतली तर ती खरेदीच धरली जाते आणि रोख उचलीचे शुल्क लागत नाही. भारतात आयडीएफसी फर्स्टसारख्या बँकेने रोख उचलीला सुमारे दीड महिना व्याज न लावता प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत ठेवली आहे, पण हा अपवाद आहे आणि अशा अटी बदलत असतात. परदेश प्रवासात भारतीय क्रेडिट कार्डाने नोटा काढणे तर सर्वांत महाग, कारण शुल्क, व्याज आणि कर यांच्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा चलन-बदल आकारही चढतो. त्या कामासाठी आधी पैसे भरलेले फॉरेक्स कार्ड सोबत न्यावे.

जानेवारी २०२० च्या आदेशाने रिझर्व्ह बँकेने प्रत्येक कार्डधारकाला एटीएम, दुकानातील यंत्र, ऑनलाइन आणि स्पर्शविरहित व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची सोय देणे बँकांना बंधनकारक केले असून ती बँकेच्या अ‍ॅपमध्ये असते. वाचकाने आपल्या क्रेडिट कार्डाची एटीएम सुविधा आजच बंद करून ठेवावी. खरोखर गरज पडली तर ती चालू करायला दोन मिनिटे पुरतात, आणि तेवढ्या वेळात मुदत ठेवीची किंवा पतसंस्थेची आठवण होण्याची शक्यता पुष्कळ असते.